वीज कंपनी बुडते तेव्हा छोट्या दुकानदाराचे काय होते? बाबासाहेबांचा १९४३चा प्रश्न आणि ब्रिटनचा अनुभव

२०२१ सालचा उन्हाळा संपता संपता ब्रिटनमध्ये वीज आणि गॅस विकणाऱ्या कंपन्या एकापाठोपाठ बुडू लागल्या. वर्षभरात तीसच्या आसपास कंपन्यांनी गाशा गुंडाळला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत या बातम्या 'युरोपातील ऊर्जासंकट' म्हणून आल्या आणि पुढे सगळे खापर युक्रेन युद्धावर फोडले गेले. पण युद्ध सुरू झाले फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्याआधीच यांतल्या बहुतेक कंपन्या बुडालेल्या होत्या. त्या कशाने बुडाल्या आणि त्यांच्या मागे राहिलेल्या सलूनवाल्याचे, बेकरीवाल्याचे, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचे काय झाले, हा इतिहास चळवळीतल्या तरुणांनी नीट समजून घ्यावा असे आम्हाला वाटते. वीज कोणाच्या मालकीची असावी हा प्रश्न भारत सरकारच्या टेबलावर स्पष्ट शब्दांत ठेवणारे मजूरमंत्री बाबासाहेब होते, आणि ब्रिटनमध्ये जे घडले ते त्याच प्रश्नाभोवती फिरते.

गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. बाबासाहेब १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला १९२० मध्ये परत गेले. त्या काळच्या लंडनमध्ये विजेचा कारभार म्हणजे बजबजपुरी होती. एकट्या लंडन परिसरात सत्तरच्या आसपास वीजसंस्था होत्या. काही खाजगी कंपन्या, काही नगरपालिका. प्रत्येकाचा व्होल्टेज वेगळा, फ्रिक्वेन्सी वेगळी. एका वस्तीत घेतलेली मोटर दुसऱ्या वस्तीत चालेल याची खात्री नाही. ही अवस्था सरकारलाच परवडेना, तेव्हा १९२६ मध्ये कायदा करून मध्यवर्ती वीज मंडळ नेमले गेले आणि देशभर एकच ग्रिड उभारण्याचे काम सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲटलींच्या मजूर पक्षाच्या सरकारने पुढचे पाऊल टाकले. १ एप्रिल १९४८ रोजी पाचशेहून अधिक खाजगी आणि नगरपालिकांच्या वीजसंस्था सार्वजनिक मालकीत आल्या.

इकडे बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आपले बरेच कार्यकर्ते या काळाविषयी बोलताना आठ तासांचा दिवस सांगतात आणि थांबतात. त्या खात्याकडे वीजही होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांच्या धोरण समितीसमोर त्यांनी अध्यक्ष म्हणून भाषण केले. त्यात त्यांनी समितीपुढे ठेवलेला पहिला मुद्दा मालकीचा होता : वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? आणि लगेच पुढचा : खाजगीच ठेवायची असेल, तर लोकांचे हित जपण्यासाठी तिच्यावर कोणत्या अटी घालायच्या? वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली नाही तर देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही, आणि औद्योगिकीकरण झाले नाही तर शेतीवर कोंबलेली माणसे दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाहीत, ही त्यामागची साखळी होती. शेतीवरचा हा अतिरिक्त भार त्यांनी १९१८ च्या लहान धारणक्षेत्रांवरच्या निबंधातच दाखवून दिला होता. म्हणजे पंचवीस वर्षांचा विचार त्या भाषणामागे उभा होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, १९४८ चा वीज पुरवठा कायदा आला आणि त्यातून राज्यांची वीज मंडळे उभी राहिली. आपले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ त्याच घरातले.

दोन्ही देश साधारण एकाच वेळी एकाच उत्तरापाशी आले होते. ब्रिटनने ते उत्तर १९८९ मध्ये फिरवले. थॅचर सरकारने वीज खाजगी करण्याचा कायदा केला आणि पुढच्या वर्षापासून कंपन्यांचे शेअर बाजारात विकायला काढले. आधी मोठ्या कारखान्यांना पुरवठादार निवडण्याची मुभा मिळाली, १९९४ मध्ये मध्यम ग्राहकांना, आणि १९९८-९९ मध्ये घरगुती ग्राहक व छोट्या दुकानांसह सगळ्यांना. ग्राहक आता राजा होणार, असे सांगितले गेले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. ब्रिटनमध्ये जी कंपनी तुम्हाला वीज 'विकते' तिच्याकडे बहुधा वीजनिर्मिती केंद्र नसते आणि तुमच्या दारातली तारही तिची नसते. तारा वेगळ्या कंपनीच्या. विक्रेती कंपनी घाऊक बाजारातून वीज घेते, किरकोळीत विकते आणि बिल पाठवते. एक कार्यालय, एक संगणक प्रणाली, एक कॉल सेंटर, झाली वीज कंपनी. मंडईतला अडत्या जसा भाजी न पिकवता धंदा करतो, तसा हा व्यवहार. नियामक संस्था ऑफजेमने स्पर्धा वाढावी म्हणून परवाने सढळ हाताने दिले, आणि २०१८ पर्यंत घरगुती बाजारातच सत्तरच्या आसपास कंपन्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनच्या सत्तर संस्थांची आठवण येते, पण त्या निदान वीज तयार तरी करत होत्या.

अशा कंपनीला टिकायचे असेल तर पुढच्या महिन्यांची वीज आणि गॅस आजच्या भावाने आगाऊ घेऊन ठेवावा लागतो. त्याला भांडवल लागते. अनेक कंपन्यांकडे ते नव्हते. ग्राहकांनी आगाऊ भरलेल्या पैशांवरच त्या चालत होत्या. २०२१ मध्ये गॅसचे घाऊक भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी चढले. विकण्याचे दर मात्र आधीच्या करारांनी आणि घरगुती ग्राहकांसाठीच्या सरकारी कमाल मर्यादेने बांधलेले. कंपन्यांनी त्या मर्यादेला दोष दिला. आम्हाला तो युक्तिवाद लबाडीचा वाटतो. भाव पडतात तेव्हा नफा माझा, चढतात तेव्हा मर्यादा वाईट, असा धंदा कोणालाही जमेल.

आता दुकानदाराकडे येऊ. कंपनी बुडाली म्हणून त्याचा दिवा विझला नाही, हे मान्य केले पाहिजे. तारा वेगळ्या हातात असल्याने पुरवठा चालू राहिला. ऑफजेम अशा वेळी 'अखेरचा पुरवठादार' नेमते. काही दिवसांत, दुसऱ्या कंपन्यांकडून प्रस्ताव मागवून. ग्राहकांना सांगितले जाते : घाईने कंपनी बदलू नका, मीटरचे रीडिंग घ्या, त्याचा फोटो काढून ठेवा, जुनी बिले जपा, नवी कंपनी तुमच्याशी संपर्क करेल. सप्टेंबर २०२१ मध्ये पीपल्स एनर्जी ही कंपनी बंद पडली तेव्हा तिचे सुमारे साडेतीन लाख घरगुती आणि हजारभर व्यावसायिक ग्राहक ब्रिटिश गॅसकडे गेले. नोव्हेंबरमध्ये सीएनजी एनर्जी ही केवळ व्यावसायिक ग्राहकांना गॅस विकणारी कंपनी बुडाली. तिचे ग्राहक चाळीस हजारांच्या घरात होते.

इथपर्यंत व्यवस्था चोख दिसते. पण घर आणि दुकान यांच्या वाटा इथेच वेगळ्या होतात.

घरगुती ग्राहकाचे जुन्या कंपनीकडे जमा असलेले पैसे सुरक्षित असतात. नवी कंपनी ते मान्य करते. दुकानदाराच्या जमा पैशांना तशी हमी नाही. नव्या कंपनीने स्वतःहून पत्करले तर ठीक, नाहीतर बुडीत कंपनीच्या धनकोंच्या रांगेत सर्वांत मागे उभे राहायचे. त्याच्याकडून येणे असलेली थकबाकी मात्र कोणी सोडत नाही, ती वसूल करायला माणूस नेमलेला असतो. घरगुती ग्राहकाला दराची कमाल मर्यादा लागू होते, दुकानाला नाही. नव्या कंपनीकडे तो 'गृहीत करारावर' जातो, म्हणजे त्याने सही केलेली नसते, दर कंपनी ठरवते आणि तो साधारणपणे चढाच असतो. त्यातून बाहेर पडायला दंड नाही, ही खरी सवलत. पण बाहेर पडून जायचे कुठे? त्या हिवाळ्यात नवा करार मागणाऱ्याला जुन्या दराच्या कितीतरी पट दर सांगितला जात होता. पुढे तर काही पुरवठादार हॉटेल-खानावळींसारख्या धंद्यांना करारच द्यायला तयार नव्हते, किंवा मोठी अनामत मागत होते. आधी जमा केलेले पैसे अडकलेले, आणि वर नवी अनामत. मधल्या मध्ये दलालांचे फावले. दुकानदाराला करार मिळवून देणारे हे दलाल आपले कमिशन युनिटच्या दरातच मिसळत, आणि ते किती आहे हे दुकानदाराला बिलावर दिसत नसे.

'श्रेणीबद्ध' हा शब्द आम्ही जपून वापरतो, कारण त्याला आपल्या इतिहासात एक वजन आहे. वीजबिलाची तुलना जातीशी करण्याचा बाष्कळपणा आम्हाला करायचा नाही. पण संरक्षणाची उतरंड लावली की खालच्या पायरीवरच्याला आपल्याला संरक्षण आहे असा भास होतो आणि तो ओरडत नाही, एवढे निरीक्षण इथेही लागू पडते. पाच-दहा माणसांचे सलून चालवणारी बाई कायद्याच्या नजरेत 'व्यवसाय' असते. मोठ्या सुपरमार्केटसारखा वीजखरेदीचा तज्ज्ञ ठेवणे तिला परवडत नाही आणि घरगुती ग्राहकाचे कवचही तिला मिळत नाही. सरकारला हे कळायला ऑक्टोबर २०२२ उजाडावा लागला. तेव्हा व्यवसायांसाठी सहा महिन्यांची मदत योजना आली, घाऊक दराचा भाग युनिटमागे २१.१ पेन्सवर रोखला गेला आणि वरचा भार सरकारी तिजोरीने उचलला. एप्रिल २०२३ पासून ती मदत बरीच आटली.

आणि बुडीत कंपन्यांचे ओझे? ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जून २०२२ च्या अहवालात त्याचा अंदाज दिला : ग्राहक हलवण्याचा खर्च सुमारे २७० कोटी पौंड, दर घरामागे ९४ पौंड. बल्ब नावाच्या मोठ्या कंपनीचा खर्च यात धरलेला नाही. तिला सरकारने वेगळ्या व्यवस्थेखाली पैसे देऊन चालवले. हा खर्च सर्व ग्राहकांच्या बिलात घातला गेला, तोही बराचसा रोजच्या स्थिर आकारात. आपल्या महावितरणच्या बिलावर 'स्थिर आकार' असतोच, त्यामुळे वेगळे समजावण्याची गरज नाही. एकच दिवा लावणारी म्हातारी आणि तीन मजली बंगला, दोघांना तो सारखाच.

मग आपल्याकडे काय? आपल्याकडेही वितरण खाजगी हातात देण्याचे प्रयोग झाले. भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवर फ्रँचायझी आहे. यंत्रमागवाल्यांचा तिच्याविषयीचा असंतोष जुना आहे. औरंगाबादमध्ये २०११ साली आलेल्या जीटीएलचा करार थकबाकीच्या वादावरून नोव्हेंबर २०१४ मध्ये संपवला गेला. जळगावची फ्रँचायझी २०१५ मध्ये गेली. नागपुरात एसएनडीएलने आर्थिक अडचण सांगून हात वर केले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये महावितरणने कारभार परत घेतला. या शहरांतल्या पिठाच्या गिरणीवाल्याला, वेल्डिंगवाल्याला, झेरॉक्सवाल्याला नवा पुरवठादार शोधत फिरावे लागले नाही. बिलावरचे नाव बदलले, दर आयोगाने ठरवलेलाच राहिला. याचे कारण साधे आहे : परवाना महावितरणकडेच होता आणि ती सार्वजनिक कंपनी मागे उभी होती. १९४८ च्या कायद्याने बांधलेली भिंत जुनी झाली, तडे गेले, २००५ मध्ये मंडळाचे तुकडे केले गेले, तरी पाठ टेकायला ती शिल्लक होती.

महावितरण म्हणजे आपलीच, असा भाबडेपणा आम्ही करत नाही. गावात आलेले खांब आपल्या वस्तीपर्यंत यायला किती वर्षे लागली हे आपल्या आईवडिलांना विचारा. भारनियमनाच्या काळात कोणाच्या भागात किती तास अंधार होता हेही विचारा. सार्वजनिक मालकी ही पुरेशी गोष्ट नाही. बाबासाहेबांनीही मालकीच्या प्रश्नाबरोबर कारभार कसा असावा हा प्रश्न विचारलाच होता.

आता समांतर परवान्याची चर्चा आहे. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी बहात्तर तासांचा संप पुकारला, तो भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यात अदानी समूहाच्या कंपनीने मागितलेल्या वितरण परवान्याविरुद्ध. सरकारशी बोलणी होऊन संप त्याच दिवशी मागे घेतला गेला. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेले वीज दुरुस्ती विधेयक एकाच भागात अनेक वितरक आणण्याचेच होते. ते संसदीय समितीकडे गेले. आपल्या अनेक तरुणांना यात संधी दिसते, 'स्पर्धा आली की दर पडतील'. स्पर्धेत दर पडूही शकतात. मुंबईत २००९ नंतर हजारो ग्राहक रिलायन्सकडून टाटांकडे गेले ते दर पाहूनच. आमचे म्हणणे एवढेच, की ब्रिटनचा २०२१ चा हिवाळा समोर ठेवून विचारायचे प्रश्न आधी विचारावेत.

नवा वितरक बुडाला किंवा कंटाळून गेला, तर ग्राहक कोणाकडे जाणार? चांगले पैसे देणारे कारखाने आणि मॉल आधीच निघून गेल्यावर महावितरण तो भार कशाच्या जोरावर उचलणार? दुकानदाराने आणि बचत गटाच्या कांडप यंत्राने भरलेली सुरक्षा ठेव कोणाच्या खात्यात राहील, आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तर ती धनकोंच्या रांगेत कितवी असेल? नव्या कंपनीकडे गेल्यावर पहिल्या दिवसापासून कोणता दर लागेल? हलवाहलवीचा खर्च स्थिर आकारात घालणार की युनिटच्या दरात? राज्य वीज नियामक आयोग अशा अर्जांवर सूचना आणि हरकती मागवतो, जाहिरात वर्तमानपत्रात येते, जनसुनावणी होते. हरकत मराठीत लिहिता येते आणि त्यासाठी वकील लागत नाही. आपल्या भागातली जाहिरात निघेल तेव्हा बाजारपेठेतल्या दहा दुकानदारांना सोबत घेऊन एक अर्ज तयार करा, आणि त्याला प्रत्येकाच्या शेवटच्या बिलाची झेरॉक्स जोडा.