जवळा, खेकडा आणि कायटोसान

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. उल्हास, पेज आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत, सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी पसरलेला हा मुलूख १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत होता, त्या साली तो कुलाब्यात घातला गेला आणि १९८१ च्या आरंभी कुलाब्याचेच रायगड झाले. पण दप्तरी जिल्हा कोणताही असो, सागराशी येथील माणसांचा नित्याचा संबंध जडला तो सुक्या मासळीच्या टोपलीतून.

पर्जन्यकाळापूर्वी घरात भात, मीठ, लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवण्याच्या रिवाजाला कोकणात आगोट म्हणतात. उरण, पनवेल आणि अलिबाग या बाजूंच्या कोळी-आगरी स्त्रिया उन्हाळ्यात खळ्यांवर वाळवलेला माल आणीत आणि घाटाखालच्या बाजारांत गिऱ्हाईक त्याची वाट पाहत असे. त्यातही मालाची प्रत गिऱ्हाइकाची ऐपत सांगे. कोळंबी सोलून वाळवलेले सोडे महाग. त्यांचे कवच समुद्रकाठीच गळून पडे. अंगुळभरही नसलेला जवळा मात्र सोलणे अशक्य. तो सगळाच्या सगळा, कवचासकट वाळे, आणि म्हणून स्वस्त असे. तव्यावर भाजून, पाखडून, कांद्याबरोबर किंवा वांग्यात घालून, तांदळाच्या भाकरीशी तो खाल्ला जाई. गरिबाच्या पोटात कवच गेले ते अशा रीतीने, त्याच्या गुणांसाठी नव्हे, वेगळे काढता येत नव्हते म्हणून.

दुसरे कवच डोंगरातले. मृगाचा पाऊस लागला की वळगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात आणि ओढ्याकाठच्या बिळांतून खेकडे बाहेर पडतात. कातकरी आणि ठाकूर यांना या बिळांची अशी ओळख की, बिळाच्या तोंडावरचा चिखल पाहून आत खेकडा आहे की नाही, हे अनुभवी माणूस ताडतो आणि मगच हात आत घालतो. रात्री उजेड घेऊन ओढ्यात उतरणे, सापडलेल्या खेकड्यांचे नांगे बांधणे, मोठे निवडून बाजाराच्या वाटेवर विकणे आणि लहान घरी नेणे, हा क्रम आजही पाहावयास मिळतो. बारीक पाय पाट्यावर वाटून, पाण्यात कालवून त्यांचा रस गाळतात. तो रश्श्याला चव आणि दाटपणा देतो आणि कवचाचा चोथा टाकून दिला जातो. ही विद्या कोणत्याही पाठशाळेत शिकवली गेली नाही, परंतु मी तिला विद्याच म्हणेन.

तिची निकड समजण्यासाठी त्या ऋतूतील घराकडे पाहावे लागते. दिवाळीनंतर कोळसाभट्टी आणि वीटभट्टी यांवर गेलेली कुटुंबे पावसाच्या तोंडाशी परततात, भट्टीची कमाई उचलीत वळती झालेली असते, नवे भात अद्याप दूर असते आणि आषाढ-श्रावणात खावटीसाठी सावकाराच्या ओसरीवर उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. अशा महिन्यांत ओढ्यातला खेकडा आणि मडक्यातला जवळा हे ताटातील जवळजवळ एकमेव मांस असे.

याच कवचाचा एक निराळा इतिहास प्रयोगशाळेत घडत होता. खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ साली आली. त्या सुमारास बोरघाटाचा लोहमार्ग खोदण्याचे प्रचंड काम चालू होते आणि १८६३ मध्ये ते पुरे झाले. याच मधल्या काळात, १८५९ साली, रूजे नावाच्या फ्रेंच संशोधकाने कायटिन हा पदार्थ तीव्र क्षारात उकळून त्याचे एक निराळे रूप मिळवले. कायटिनचा शोध ब्राकोनो याने १८११ मध्येच अळंब्यांत लावला होता. कीटकांचे आणि खेकडा-कोळंबीचे कवचही त्याचेच. रूजेच्या त्या रूपाला होप-सायलर याने १८९४ मध्ये कायटोसान हे नाव दिले. कवचातील चुना आम्लाने, प्रथिने सौम्य क्षाराने काढून उरलेले कायटिन पुन्हा तीव्र क्षारात तापवावे लागते. भारतात कोळंबीच्या टाकाऊ सालींपासून हे करण्याची पद्धत कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने विकसित केली.

कायटोसानचा तंतू पचत नाही, पण जठरातील आम्लात विरघळून स्निग्ध पदार्थांना आणि पित्ताम्लांना धरून ठेवतो. गमावलेले पित्त नव्याने बनवताना यकृत कोलेस्टेरॉल खर्ची घालते, असा त्यामागील तर्क आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये दररोज ३ ग्रॅम कायटोसान आणि रक्तातील घातक कोलेस्टेरॉलचे प्रमाण ठीक राखणे यांतील संबंध मान्य केला, वजन घटवण्याचा दावा मात्र मान्य केला नाही; कॉक्रेनच्या २००८ च्या आढाव्यातही वजनावरील परिणाम अत्यल्प, व्यवहारात नगण्यच आढळला. जवळा खाणाऱ्यास हे कायटोसान आपोआप मिळत होते, असेही कोणी समजू नये, कारण जवळ्यातले कायटिन तीव्र क्षारातून गेलेले नसते.

म्हणून ताटातला जवळा-खेकडा आणि कुपीतून विकले जाणारे कायटोसान यांना एकाच परंपरेत बसवणे मला अन्यायाचे वाटते. कवच एकच आहे, पण कातकऱ्याच्या घरी त्याच्यासोबत आलेले थोडे मांस आणि स्निग्धता हीच दौलत होती. कुपीतले कवच मात्र अन्नातली, नकोशी झालेली स्निग्धता बाहेर नेण्यासाठी विकले जाते. ज्यांना खेकडा किंवा कोळंबी सोसत नाही, त्यांनी ती कुपी वैद्याला विचारल्याखेरीज उघडू नये. आणि खालापूरच्या ओढ्यात मृगाच्या रात्री उजेड घेऊन उतरणाऱ्याला खेकडा कशासाठी हवा, असे विचारले तर उत्तर अजूनही सकाळच्या रश्श्याचेच येते.