वल्हांडण

मराठी बायबलातला ‘वल्हांडण सण’ हा ‘ओलांडणे’च्याच कुळातला. मिसर देशात दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेली इस्रायलींची घरं ओलांडून मृत्यू पुढे गेला, त्या रात्रीची ही आठवण. मूळ हिब्रू ‘पेसाख’, ग्रीकमध्ये ‘पास्खा’. पोर्तुगिजांचा ‘पास्कोआ’ मात्र थेट ईस्टर.

वल्हांडणावरून ईस्टरवर ही उडी उगाच नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिताना ख्रिस्तालाच वल्हांडणाचं कोकरू म्हटलं. शुभवर्तमान लिहिणारा योहान तर बारकावेही सोडत नाही. कोकराचं हाड मोडू नये, ही ‘निर्गम’ या पुस्तकातली वल्हांडणाची अट. क्रुसावरच्या येशूचेही पाय मोडले जात नाहीत. चौकटीला रक्त लावायला एजोब या झुडपाची जुडी होती, येशूच्या ओठांशी आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, नेली तीही एजोबावरूनच.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी मात्र वल्हांडणाला स्वयंपाकघरातलं नाव दिलं होतं, आंबट पदार्थाचं भांडं झाकण्यावरून!