जामीन आणि जमीन

जामीन हा शब्द अरबीतला, जमीन फारसीतला. व्युत्पत्तीने दोघांचे नाते नाही. आपल्या दिवाणी कायद्याने मात्र ते जोडून दिले, आणि पेटंटच्या दाव्यात ते नाते विशेष उघडे पडते.

समजा, फैजपूरच्या एका कारागिराने पाणी सोडण्याचे एखादे उपकरण केले आणि परदेशातील कंपनीने 'हे आमच्या पेटंटाचे उल्लंघन आहे' म्हणून त्याच्यावर दावा लावला. असा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. कारागिराने 'तुमचे पेटंटच रद्द करा' असा प्रतिदावा केला, तर 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 104 प्रमाणे सगळे प्रकरण उच्च न्यायालयात जाते. वकील, तज्ज्ञ, उच्च न्यायालयाच्या खेपा! शेवटी कारागीर जिंकला आणि खर्चाचा हुकूमही मिळाला, तरी वसूल कुणाकडून करायचा? कंपनी समुद्रापार. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 25 मध्ये तरतूद आहे, की वादी भारताबाहेर राहत असेल आणि येथे त्याची पुरेशी स्थावर मिळकत नसेल, तर प्रतिवादीच्या खर्चापोटी त्याच्याकडून जामीन घ्यावा. तो मुदतीत दिला नाही तर दावा निकालात निघतो. मला हा नियम न्याय्य वाटतो.

अडचण दुसरीकडे आहे. कायदा विचारतो ती स्थावर मिळकत, आणि तीही वादाच्या विषयाखेरीजची. पेटंट लाखमोलाचे असले तरी ते शेत नव्हे, घर नव्हे. ज्याचे सगळे धन बुद्धीत आहे, तो या हिशेबात निर्धनच.

हा हिशेब केवळ परदेशीयांपुरता नव्हता. 1908 च्या मूळ संहितेत याच आदेशात आणखी एक कलम होते: पैशाच्या दाव्यात वादी स्त्री असेल आणि तिच्याजवळ पुरेशी स्थावर मिळकत नसेल, तर प्रतिवादीच्या अर्जावरून तिच्याकडूनही जामीन मागता येई. ती इथेच राहणारी असली तरी! परक्या देशातला मनुष्य आणि स्वतःच्या गावातली बाई एकाच ओळीत. तिच्या नावावर जमीन का नसे, हे विचारण्याचे कायद्याला कारण नव्हते.

27 आणि 28 डिसेंबर 1936 रोजी फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. सारा, खंड, कर्ज यांचा भार कमी व्हावा, कुळाला जमिनीची शाश्वती मिळावी, अशा मागण्या त्यात होत्या. त्या दिवशी मंडपात बसलेल्या एखाद्या विधवेने दिराकडचे येणे मागायला दुसऱ्या दिवशी दावा लावला असता, तर तिच्यापुढे हे कलम उभे राहिले असते. पुढच्याच वर्षी हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा आला, त्याने विधवेला हयातीपुरता वाटा दिला. पण 1941 मध्ये फेडरल कोर्टाने सांगितले, की प्रांतांतील शेतजमिनीला तो लागू नाही. खेड्यातल्या बाईला वाटा द्यायचा आणि शेत वगळायचे! मग राहिले काय?

1956 मध्ये हिंदू वारसा कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने आदेश 25 चा पहिला नियम नव्याने लिहून स्त्रीविषयीचे ते कलम काढले. परदेशस्थाचे राहिले. पेटंट कायद्याच्या कलम 150 नेही पेटंट नियंत्रकाला परदेशस्थ अर्जदाराकडून व हरकतदाराकडून खर्चाचा जामीन मागण्याचा अधिकार दिला आहे. युरोपात 1 जून 2023 रोजी सुरू झालेल्या एकीकृत पेटंट न्यायालयातही खर्चाचे तारण मागता येते. तिथे रोख ठेव किंवा बँकेची हमी चालते, शेताचा प्रश्न येत नाही.

आपला नियम राष्ट्रीयत्व पाहत नाही, राहणे पाहतो. फैजपूरचा मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला आणि येथे घेतलेल्या पेटंटासाठी दावा लावू लागला, तर त्यालाही हाच प्रश्न येईल. बापाने स्वकष्टाने घेतलेली केळीची बाग त्याच्या कामी यायची नाही. सातबाऱ्यावर त्याचे स्वतःचे नाव लागले असेल, तर गोष्ट वेगळी.