कजाग सासूचा पडदा : ललिता पवार, खलनायिकेची भूमिका आणि आखाती प्रेक्षक

फिलिपिनो भाषेत चित्रपटातील मुख्य पात्राला ‘बिदा’ म्हणतात आणि त्याच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या पात्राला ‘कोंत्राबिदा’. दोन्ही शब्दांची मुळे स्पॅनिश भाषेत आहेत आणि मनिलाच्या चित्रपट-उद्योगात ते चांगलेच रुळले. मराठीत याच अर्थाने वापरला जाणारा ‘खलनायिका’ हा शब्द संस्कृत घडणीचा आणि समीक्षेच्या वळणाचा आहे. घरात, ओट्यावर आणि नळावर मात्र मराठी माणसाने अशा पात्राला कायम ‘कजाग’, ‘खाष्ट’ किंवा ‘कळलावी’ म्हटले. संयुक्त अरब अमिरातीत, विशेषतः दुबईच्या करामासारख्या वस्तीत, जिथे भारतीय आणि फिलिपिनो बिऱ्हाडे एकाच इमारतीत नांदतात, तिथे या दोन्ही परंपरा भिंतीला भिंत लावून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चालू असतात. भारतीय बाजूच्या परंपरेत ज्या चेहऱ्याने सर्वाधिक काळ ठाण मांडले, तो येवल्यात जन्मलेल्या एका मराठी अभिनेत्रीचा होता.

ललिता पवार यांच्या कारकिर्दीकडे वळण्यापूर्वी मराठी मनात दुष्ट स्त्रीची कोणती प्रतिमा आधीपासून घर करून होती, ते पाहणे आवश्यक आहे. जात्यावरच्या ओव्यांत आणि भोंडल्याच्या गाण्यांत सासुरवास, म्हणजे सासरी सुनेला सोसावा लागणारा जाच, हा मोठा विषय असून त्यात सासू ही व्यक्ती कमी आणि पद अधिक असते. तिला बहुधा नाव नसते, तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो आणि धान्याच्या कोठीपासून सुनेच्या माहेरी जाण्याच्या परवानगीपर्यंत सारे तिच्या हाती असते. दुसरी प्रतिमा कीर्तनातून आलेली मंथरेची, जिच्याकडे स्वतःची सत्ता नसल्यामुळे जी दुसऱ्याचे कान भरते. तिसरी प्रतिमा इतिहासातली, आनंदीबाईंची. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि गारद्यांना लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी ‘धरावे’ या शब्दाचा ‘मारावे’ केला, अशी कथा रूढ झाली. तिला इतिहासाचा भक्कम आधार नाही, पण ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मात्र भाषेत पक्का बसला. वाक्प्रचार एकदा रुळला की पुराव्याची वाट कोणी पाहत नाही, आणि आनंदीबाईंच्या बाबतीत मराठी समाजाने ती कधी पाहिलीही नाही.

पवार यांचा जन्म 18 एप्रिल 1916 रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्यात झाला. त्यांचे मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण असे होते आणि पैठणीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात त्यांचे वडील रेशमी व सुती कापडाचा व्यापार करीत. पुण्यातील आर्यन फिल्म कंपनीच्या 1928 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात त्यांनी बालवयात काम केले आणि त्यानंतरच्या दशकात त्या नायिका झाल्या. त्या काळी चित्रपटात काम करणे घरंदाज मुलींना शोभत नाही अशी समजूत असल्याने नायिकांची संख्या मर्यादित होती, आणि ज्या होत्या त्यांना घोडेस्वारी, पोहणे, मारामारी असे सारे करावे लागे. 1935 सालच्या ‘हिम्मत-ए-मर्दा’ या चित्रपटात पवार साहसी नायिका म्हणून गाजल्या. याच दशकात ‘कैलाश’ आणि ‘दुनिया क्या है’ या चित्रपटांच्या निर्मितीतही त्यांचा हात होता, ही गोष्ट त्यांच्यावरील लेखनात फारशी येत नाही. ज्या बाईला पुढे सर्वांनी केवळ सासू म्हणून ओळखले, तिने विशीच्या आसपास स्वतःचा पैसा आणि पत पणाला लावली होती.

1942 साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका प्रसंगात भगवान दादांनी, म्हणजे पुढे ‘अलबेला’मुळे घराघरात पोहोचलेल्या भगवान आबाजी पालव यांनी, त्यांना थप्पड मारायची होती. चित्रीकरणात असा फटका गालाला हात न लागता, कॅमेऱ्याच्या कोनाचा आधार घेऊन दाखवायचा असतो. येथे तो खरोखरच आणि जोराने बसला. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला अर्धांगाचा झटका आला, दीर्घकाळ उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिकांचे दार यामुळे बंद झाले. येथवरची कथा सर्वज्ञात आहे आणि ती बहुधा दैवाच्या खेळाची कथा म्हणून सांगितली जाते. परंतु त्या वेळी पवार सव्वीस वर्षांच्या होत्या आणि अपघात झाला नसता तरी त्या काळच्या व्यवसायाच्या रीतीप्रमाणे नायिकेची आणखी फार वर्षे त्यांच्या वाट्याला आली नसती, हे लक्षात घेतले पाहिजे. तिशी ओलांडलेल्या अभिनेत्रीला उद्योगाकडे दोनच कामे होती, सोसणारी आई आणि छळणारी सासू. यांपैकी सोसणाऱ्या आईला रडण्याखेरीज फारसे काही करता येत नसे, तर कथेला पुढे ढकलण्याचे सारे काम सासूकडे असे. अपघाताने पवार या व्यवस्थेत काही वर्षे लवकर पोहोचल्या, आणि तेथे त्यांनी जे केले ते मात्र अपघाताचे फळ नव्हते.

पुनरागमनातील महत्त्वाची भूमिका आनंदीबाईंचीच होती, हा योग विलक्षण म्हणावा लागेल. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘रामशास्त्री’ (1944) या मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालेल्या चित्रपटात गजानन जागीरदार यांनी नारायणरावांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना, म्हणजे आनंदीबाईंच्या पतीला, देहांत प्रायश्चित्त सांगणाऱ्या न्यायाधीशाची भूमिका केली आणि पवार यांनी त्या न्यायासनासमोर उभ्या असलेल्या महत्त्वाकांक्षी स्त्रीची. पुढे व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’ (1950) मध्ये त्यांनी हुंड्यासाठी सुनेला छळणाऱ्या सासूचे काम केले. हुंडाबंदीचा केंद्रीय कायदा यानंतर अकरा वर्षांनी, 1961 साली झाला. या भूमिकेत पुढच्या तीन दशकांचा साचा तयार झालेला दिसतो. पवार यांची सासू क्वचितच आरडाओरडा करीत चित्रपटात प्रवेश करते. ती आधी हिशेब करते. पदराचे टोक कमरेला खोचणे, बोलण्यापूर्वी क्षणभर थांबणे, मान तिरकी करून बारीक डोळ्याने समोरच्याला आपादमस्तक न्याहाळणे, या लकबींतून एक सुसंगत माणूस उभा राहतो, ज्याच्या लेखी आपण अन्याय करीत नसून घराची शिस्त राखीत आहोत. तीच सासू कधीकाळी सून होती आणि तिनेही हेच सोसले होते, हे संवादात न सांगता जाणवते. म्हणूनच तिचा राग येतो आणि ती परकीही वाटत नाही. प्रेक्षकांतील बहुतेकांनी तिला आपल्या नात्यागोत्यात पाहिलेली असते.

त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो मात्र दुष्ट भूमिकेसाठी नव्हे. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’ (1959) मधील मिसेस डिसा ही ख्रिस्ती घरमालकीण तोंडाने फटकळ आणि मनाने हळवी आहे, आणि चार वर्षे आधीच्या ‘श्री 420’ मधील केळीवाली गंगामाई तिचीच सख्खी बहीण शोभते. ‘जंगली’ (1961) मध्ये हसण्याला मनाई करणारी आई आणि ‘प्रोफेसर’ (1962) मध्ये वेषांतर केलेल्या म्हाताऱ्यावर भाळणारी कडक पालक या भूमिकांत त्यांनी स्वतःच्याच साच्याची थट्टा केली; खाष्टपणाचा मुखवटा गळून पडताना होणारा विनोद साधण्यासाठी तो मुखवटा आधी पक्का बसलेला असावा लागतो. 1961 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. 1980 च्या ‘सौ दिन सास के’ या चित्रपटात सासूला तिच्याच भाषेत उत्तर देणारी सून कथेच्या केंद्रस्थानी आली, आणि त्या वेळेपर्यंत सासू म्हणजे कोण याविषयी निर्मात्यांच्या मनात शंका उरली नव्हती.

खलनायिकेचा दुसरा प्रकार याच काळात आणखी एका मराठी अभिनेत्रीने घडवला. सोलापुरात 1932 साली जन्मलेल्या शशिकला जवळकर यांच्या वडिलांचा व्यवसाय बुडाल्यावर कुटुंब मुंबईला आले आणि नूरजहाँ यांच्यामुळे त्यांना ‘झीनत’ (1945) मधील कव्वालीत उभे राहण्याचे पहिले काम मिळाले. ‘आरती’ (1962) आणि ‘गुमराह’ (1963) या लागोपाठच्या चित्रपटांसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. पवार यांच्या सासूची सत्ता घरातून येते, तर शशिकला यांची नटवी, हसरी, आधुनिक कपड्यांतली स्त्री घर फोडण्यासाठी येते. पहिलीला परंपरेचा अतिरेक म्हणून शिक्षा होते आणि दुसरीला परंपरेचा अभाव म्हणून. हिंदी चित्रपटाने बाईला दोन्ही बाजूंनी धरले होते, असे म्हणणे येथे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. पुढे शशिकला यांनी मदर तेरेसा यांच्या संस्थेत काही काळ सेवाकार्य केले. 2007 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 4 एप्रिल 2021 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

हे चेहरे आखाताच्या किनाऱ्यावर पोहोचले त्यामागे व्यापाराचा जुना रस्ता होता. अमिरातीचे संघराज्य 2 डिसेंबर 1971 रोजी अस्तित्वात आले. त्यापूर्वी ही शेखांची राज्ये ट्रूशियल स्टेट्स, म्हणजे ब्रिटिशांशी तहाने बांधलेली राज्ये, म्हणून ओळखली जात आणि त्यांचा कारभार दीर्घकाळ ब्रिटिश हिंदुस्थानशी जोडलेला होता. तेथे भारतीय रुपयाच चाले. 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि 1966 च्या अवमूल्यनानंतर तोही मागे पडला. ज्या बाजारात मुंबईचे चलन, मुंबईचे कापड आणि मुंबईचे मसाले होते तेथे मुंबईचा चित्रपट येणे क्रमप्राप्त होते. सिनेमाचा पडदा त्या भागात आला तो शारजाच्या विमानतळावरील ब्रिटिश हवाई दलाच्या तळावर, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उघड्या आकाशाखाली. तेलाच्या पैशाबरोबर दुबई आणि अबू धाबीत चित्रपटगृहे उभी राहिली आणि हिंदी चित्रपटांना भारतीय व पाकिस्तानी कामगारांप्रमाणेच अरब प्रेक्षकही मिळाला. अरबी उपशीर्षके, म्हणजे पडद्याच्या तळाशी येणारे भाषांतर, सर्वांना वाचता येत असे नाही. नायक-नायिकेचे गाणे कळण्यासाठी भाषेची गरज भासली नाही, हे वारंवार सांगितले जाते. पण सासू कळण्यासाठीही भाषेची गरज भासली नाही, कारण अरब घरातही सासू होतीच. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली आणि चित्रपट भाड्याने घरी येऊ लागला, तेव्हा हा अनुभव पुरुष कामगारांच्या गर्दीतून निघून कुटुंबांच्या दिवाणखान्यात गेला.

फिलिपिनो समाज अमिरातीत मोठ्या संख्येने आला तो आपली कोंत्राबिदा बरोबर घेऊनच. सांपागिता पिक्चर्सच्या ‘रोबेर्ता’ (1951) या चित्रपटात बालकलाकार टेसी अगाना हिला छळणाऱ्या बेला फ्लोरेस यांनी त्या देशातील दुष्ट स्त्रीचा नमुना घडवला आणि 2013 साली मृत्यू होईपर्यंत त्या याच ओळखीने वावरल्या. पुढच्या पिढीत हे स्थान चेरी गिल (1963–2022) यांच्याकडे आले. एमॅन्युएल बोर्लाझा दिग्दर्शित ‘बितुइंग वालांग निंगनिंग’ (1985) मध्ये त्यांनी साकारलेली लाव्हिनिया ही प्रस्थापित गायिका फुलांचे हार विकणाऱ्या गरीब मुलीच्या वाटेत उभी राहते. येथे झगडा सासू-सुनेचा नाही. सत्ता घराच्या किल्ल्यांत नसून प्रसिद्धी, पैसा आणि इंग्रजी उच्चारांत आहे, आणि परदेशी मालकाच्या घरी राबणाऱ्या फिलिपिनो बाईला ती कोणत्या सत्तेची नक्कल आहे हे समजावून सांगावे लागत नाही. मराठी परंपरेत या जातीचे पात्र शोधायचे तर ते पवार यांच्यापेक्षा शशिकला यांच्या जवळ सापडेल.

1992 साली झी टीव्ही आणि 1994 साली फिलिपिनो लोकांसाठीची स्वतंत्र उपग्रह-वाहिनी सुरू झाल्यावर दोन्ही समाजांतील खलनायिका चित्रपटातून दैनंदिन मालिकेत आली. मालिकेला शेवट लांबवायचा असतो, म्हणून तिला पश्चात्ताप करायला फुरसत देऊन चालत नाही. तीन तासांत शरण येणारी सासू तीन-तीन वर्षे कट रचू लागली आणि तिचा हिशेबीपणा जाऊन केवळ कपाळावरची मोठी टिकली आणि पार्श्वसंगीताचा धक्का उरला. या प्रवासाच्या उंबरठ्यावर पवार स्वतः उभ्या होत्या. बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘संपूर्ण रामायण’ (1961) मध्ये केलेली मंथरा त्यांनी रामानंद सागर यांच्या दूरचित्रवाणीवरील ‘रामायण’ मालिकेत पुन्हा केली. 25 जानेवारी 1987 पासून दीड वर्ष चाललेल्या या मालिकेत त्यांची मंथरा थोडेच भाग दिसते, आणि तेवढ्यात कैकेयीचे कान भरून ती कथेची दिशा बदलून टाकते.

24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यात औंध येथे पवार यांचे निधन झाले. 28 मार्च 2020 पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखवली तेव्हा त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या पिढीने त्यांना प्रथम पाहिले ते मंथरा म्हणूनच. भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी अगदी मोजके आज शिल्लक आहेत, त्यामुळे 1942 पूर्वीचा तो दोन्ही डोळे सारखे असलेला चेहरा पडद्यावर पाहण्याची संधी आजच्या अभ्यासकाला जवळजवळ मिळत नाही, आणि त्यासाठी बहुधा जुन्या मासिकांतील धूसर छायाचित्रांवर भागवावे लागते.