काचेच्या पेटींतील पाणी

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगर येथें राहून रोज मुंबईस नोकरीस जाणारा गृहस्थ चाळिशीच्या सुमारास एखाद्या रविवारीं काचेची पेटी घरीं घेऊन येतो, तेव्हां ती मुलांसाठीं आहे असा घरांतील मंडळींचा समज होतो. पुष्कळदां ती त्याची स्वतःचीच असते. शाळकरी वयांत चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयाची सहल झालेली असते. १९५१ सालीं उघडलेल्या त्या इमारतीनें मुंबईच्या आसपासच्या दोन-तीन पिढ्यांना हें वेड लाविलें. मग घरीं बरणींत दोन सोनेरी मासे येतात. ते मरतात, परीक्षा येतात, पुढें नोकरी व संसार येतो, आणि छंद मागें पडतो. वीस-पंचवीस वर्षांनीं तो परत धरणारास प्रथम कळतें कीं, मासे पाळणें म्हणजे मुख्यतः पाणी पाळणें होय. हें कळण्यास त्याला जेवढा काळ लागला, त्याहून अधिक काळ या छंदाच्या जनकाच्या घराण्यास लागला होता.

लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८४९ सालीं बारा गॅलनांच्या भांड्यांत दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति ठेविली. कांहीं दिवसांनीं पानें कुजूं लागून पाणी गढूळ झालें, तेव्हां त्यानें त्यांत गोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें फस्त केलीं आणि पाणी निवळलें. १८५० सालीं त्यानें ही हकीकत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडली. मासे जो वायु टाकतात तो वनस्पतींनीं घ्यावा आणि वनस्पतींनीं सोडलेला प्राणवायु माशांनीं घ्यावा, असा त्याचा हिशेब होता. तो खरा होता, पण अपुरा होता. माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून होणाऱ्या अमोनियाचें काय होतें, याचें उत्तर त्यांत नव्हतें.

तें उत्तर शोधणाऱ्यांत त्याचाच मुलगा होता. एखाद्या कादंबरीकारानें असा योगायोग योजला असता, तर आम्हीं त्यास नांवें ठेविलीं असतीं. धाकटा रॉबर्ट वॉरिंग्टन रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत मातीचा अभ्यास करीत होता. पेटीशीं त्या कामाचा कांहींएक संबंध नव्हता. अमोनियाचें आधीं नायट्राइट होतें व मग नायट्रेट, आणि हीं दोन कामें निरनिराळे जंतु करतात, हें त्यानें दाखविलें. ते जंतु वेगळे काढण्याचें यश मात्र त्याला आलें नाहीं. तें १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञास मिळालें.

आतां आपल्या गृहस्थाच्या बरणीकडे वळूं. लहानपणीं दर रविवारीं ती पुरती रिकामी होई, तळचे खडे घांसून लखलखीत होत आणि नळाचें ताजें पाणी भरलें जाई. घरांत या टापटिपीचें कौतुक होई. परंतु खड्यांवरच्या त्या बुळबुळींतच हे जंतु वस्ती करून राहतात. घांसण्यानें ते जात, उरलेल्यांचा समाचार नळाच्या पाण्यांतील क्लोरीन घेई, आणि माशांच्या कल्ल्यांनाहि तो जाळी. मोठेपणीं हाच मनुष्य निराळा वागतो. पाणी, वाळू व वनस्पति घालून तो पेटी चार-सहा आठवडे तशीच ठेवतो. जंतूंना खाद्य म्हणून रोज चिमूटभर अन्न मात्र टाकतो. "अहो, मासे कुठें आहेत?" असें शेजारी विचारतात, आणि त्याला हंसून वेळ मारून न्यावी लागते. मग मासे येतात, तेहि थोडे थोडे. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावयाचें, तेंहि आदल्या रात्रीं बादलींत भरून ठेवलेलें. एवढा धीर धरावयाचा तर वय व्हावें लागतें.

मासे कोणते आणावेत, हा खरा वादाचा विषय. बाजारांत आहेत ते बहुतेक परदेशचे: ॲमेझॉनचा एंजल, चीनचा सोनेरी. घरोघर ठाऊक असलेल्या गप्पी माशाला नांव मिळालें तें त्रिनिदादच्या एका गृहस्थाचें; डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं त्याला विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत आणलें, आणि आमच्या आरोग्य खात्यानें विहिरी व टाक्या त्याच्या स्वाधीन केल्या. सह्याद्रीच्या ओढ्यांतील कुशीवर काळी रेघ असलेला रासबोरा, अंगावर दोन काळे ठिपके मिरविणारा टिक्टो हे पेटींत कशालाहि हार जाणारे नाहींत. पण दुकानदार त्यांस मासे मानीत नाहीं. याउलट कर्नल साइक्स या इंग्रजानें १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां येथील लोकांच्या तोंडचीं नांवेंच त्यानें लॅटिन पोशाख चढवून कायम केलीं. खुद्री, कोलस, बोगट, शिंगटी हीं नांवें आजहि जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत आहेत. दख्खनच्या माशांना निदान नांवें तरी राहिलीं.

घांटाखालच्या या तीन गांवांत तेवढेंहि नाहीं. अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, या सालच्या शिलालेखासाठीं प्रसिद्ध आहे. शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळांत तें पुरें झालें आणि वालधुनीच्या कांठीं तें उभें आहे. हीच नदी पुढें उल्हासनगरांतून वाहते. विसाव्या शतकांत कारखाने आले व नदीचें गटार झालें. २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरांत कोणी चोरून रसायन तिच्यांत ओतलें, आणि निघालेल्या वायूनें कांठच्या पुष्कळ रहिवाशांना रुग्णालयांत न्यावें लागलें. तेथें माशांची चौकशी कोण करणार?

छंद परत धरलेल्या गृहस्थाच्या घरीं अमोनिया पाहण्याची लहानशी कुपी असते. पेटींतलें पाणी घेऊन तींत औषधाचे थेंब टाकले कीं रंग येतो. पिवळा राहिला तर ठीक, हिरवट झाला तर त्याच रात्रीं पाणी बदलावें लागतें. सकाळच्या लोकलसाठीं तो वालधुनीच्या पुलावरून स्टेशनाकडे जातो, तेव्हां ती कुपी घरींच असते.