कर्जत-खालापूर कसे पाहावे?

आषाढाची पहिली सर घाटावर उतरली की मुंबईची लोकल आमच्याकडे माणसांनी ओथंबून येऊ लागते. रविवारी संध्याकाळी हीच मंडळी भिजलेल्या कपड्यांनी परत निघतात. "काय पाहिलंत?" असे फलाटावर विचारले, तर उत्तर ठरलेले असते : धबधबा पाहिला, वडा खाल्ला, फार्महाऊसवर मुक्काम केला. यात वाईट काही नाही. आठवडाभर राबलेल्या माणसाने एक दिवस पाण्यात डुंबावे, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण दीडशे वर्षांहून अधिक काळ हा मुलूख आगगाडीच्या खिडकीतूनच पाहिला गेला. तो कसा पाहावा हे पाहुण्याला सांगणे हे यजमानाचे काम आहे, आणि ते आपण आजवर केलेले नाही.

पाहुण्यांची गर्दी लोटणाऱ्या प्रत्येक गावापुढे हा प्रश्न उभा राहतो. भूमध्य समुद्राकाठचे बार्सिलोना शहर घ्या. तेथील लोक कॅटलन. त्यांची भाषा स्वतंत्र, सण स्वतंत्र. २३ एप्रिलला, म्हणजे आपल्या व्याख्यानमालेच्या ऐन मोसमात, तेथे एकमेकांना पुस्तक आणि गुलाब देण्याची चाल आहे. दुसरी चाल तर आपल्याला घरचीच वाटेल. माणसांच्या खांद्यांवर माणसे चढून तेथे मनोरे रचतात आणि शेंड्यावर एक लहान मूल चढते. २०१० साली युनेस्कोने या मनोऱ्यांना मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. आमच्या गोविंदांना हे थर नवे नाहीत. पण तेथली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मनोऱ्याच्या बुडाशी शेकडो माणसे एकमेकांना रेटून उभी असतात, आणि बघ्यालाही त्या गर्दीत शिरून हात लावता येतो. परका प्रवासी मात्र शेंड्यावरच्या मुलाचे छायाचित्र काढून निघून जातो.

त्या शहराच्या इतिहासाचेही असेच होते. १८८२ साली सुरू झालेले सग्रादा फमिलियाचे मंदिर प्रवासी पाहतात. पण फेब्रुवारी १९१९ मध्ये हेच शहर अंधारात बुडाले होते, हे थोड्यांना ठाऊक असते. वीज कंपनीने आठ कारकुनांना काढून टाकले, त्यावरून संप पेटला. कारखाने थंडावले, ट्रामगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. संप ४४ दिवस चालला, आणि एप्रिलात स्पेन सरकारने आठ तासांचा दिवस मान्य केला. अलीकडे, २०२४ च्या उन्हाळ्यात, त्याच शहरातील काही रहिवाशांनी प्रवाशांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. घरभाडी वाढली, राहायला जागा उरली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पाहुणा आणि यजमान यांच्यात ओळख वाढली नाही म्हणजे गोष्टी या थरास जातात.

असो. आता आपल्या मुलखाकडे वळू. पाहुण्याला आम्ही प्रथम पळसदरीला उतरवू आणि घाटाकडे तोंड करून उभा करू. बोरघाटाच्या रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी वर चढली. त्याआधी खोपोलीपर्यंत आणि खंडाळ्यापासून पुढे रूळ झाले होते; मधला घाट उतारू पालखीतून वा बैलगाडीतून ओलांडीत. २५ बोगदे खोदले गेले. १८६१ साली घाटात ४२ हजार माणूस कामावर होता. पटकीने, तापाने, सुरुंगाने किती गेले याचा हिशेब हजारांतच करावा लागतो. नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा संयम सुटला आणि ते गोऱ्या अधिकाऱ्यांवर तुटून पडले. चौकशी झाली, आणि फॅव्हिएल नावाच्या कंत्राटदाराने त्याच वर्षी काम सोडले. पुढचा कंत्राटदार ट्रेडवेल येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला; त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट अंगावर घेऊन पुरे केले. मजुरांच्या लढ्याचा इतिहास आपण गिरणगावापासून सांगू लागतो. पण मुंबईत पहिली गिरणी नुकती कुठे चालू झाली होती, तेव्हा आमच्या घाटात मजुरीचा तंटा पेटला होता.

तेथून पाहुण्याने खोपोलीला जावे. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे १,७०० फूट खाली येते. १९१५ साली त्या पाण्यावर टाटांचे वीजघर सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. १९२२ साली भिवपुरीचे वीजघर उभे राहिले. दिवे मुंबईत लागले. तारा मात्र आमच्या शेतांवरून गेल्या. १९४२ च्या चळवळीत माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने या तारांचे मनोरे पाडले. बार्सिलोनाच्या कामगारांनी वीज थांबवली ती कामगारांच्या हक्कासाठी, आमच्या शेतकऱ्यांच्या पोरांनी पाडली ती परक्या राज्याविरुद्ध. हेतू वेगळे, पण शहराची नाडी कोठे आहे हे दोघांनीही ओळखले होते. २ जानेवारी १९४३ रोजी शेजारच्या मुरबाड तालुक्यात, सिद्धगडच्या रानात, कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. दरवर्षी त्या दिवशी तेथे लोक जमतात. पाहुण्यानेही एकदा जावे.

तिसरे पाहणे अवघड आहे, कारण त्याला पाटी नाही. चैत्र-वैशाखात शेतांतून धूर निघतो. तो वणवा नव्हे, राब आहे. शेण, पाला-पाचोळा पसरून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात. त्याच दिवसांत कातकऱ्यांच्या वाड्या ओस दिसतात. माणसे घरदार घेऊन वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. पावसाच्या तोंडावर ती परततात. म्हणजे पाहुणे येऊ लागतात तेव्हा वाडी नुकती कोठे घरी आलेली असते.

आणि चौकजवळ इर्शाळगडाकडे बोट दाखवावे लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री गडाखालच्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे मातीखालीच राहिली. ठाकरांची ही वाडी गिर्यारोहकांच्या वाटेवरच होती. कित्येकांनी तेथे पाणी प्यायले, भाकरी खाल्ली. दरड पडण्यापूर्वी त्या माणसांची नावे किती जणांनी विचारली होती? हा प्रश्न आम्ही पाहुण्यांना करतो, तसा स्वतःलाही करतो; कारण घाटातल्या मजुरांची नावे लिहून ठेवली नाहीत म्हणून आपण इंग्रजांना दोष देतो, आणि इर्शाळवाडीचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी त्या रात्रीनंतरच ऐकले.

म्हणून येणाऱ्याला आम्ही चार गोष्टी सांगू. लोकलने या, म्हणजे वाटेत माणसे भेटतील. आवणी झालेल्या शेताच्या बांधावर पाय देऊ नका. परतताना वड्याबरोबर शेतकऱ्याकडून पायलीभर तांदूळ घ्या. डोंगरावर जाणार असाल तर वाडीतला माणूस वाटाड्या घ्या, त्याला ठरल्याप्रमाणे पैसे द्या, आणि तो "आज नको" म्हणाला तर मुकाट्याने माघारी फिरा. निघताना त्याचे नाव विचारा. आणि आपण यजमानांनी पुढच्या रविवारी फलाटावर उभे राहून हे सांगण्याची लाज धरू नये.