कॉमेंट वाचणारा कंपायलर

कॉमेंट माणसांसाठी असते, कंपायलरने ती टाकून द्यायची, हे सी शिकणाऱ्याला पहिल्याच धड्यात सांगतात. 2017 मध्ये आलेल्या जीसीसी 7 या कंपायलरने हा धडा गुंडाळून ठेवला. स्विचमध्ये ब्रेक न लावता एका केसमधून पुढच्या केसमध्ये घसरलात की जादा वॉर्निंगा चालू असताना तो कुरकुरतो. मध्ये ‘फॉल थ्रू’ अशी कॉमेंट दिसली की गप्प बसतो. ही सवय त्याला लागली कुठून? माझ्या मते थेट लिंटकडून. स्टीफन जॉन्सन यांचा हा तपासनीस प्रोग्राम 1979 मध्ये सातव्या युनिक्ससोबत बेल लॅब्सबाहेर पडला. कोडमधल्या खोडी काढणे हे त्याचे काम, पण ‘हे मी जाणूनबुजून केलंय’ असे त्याला सांगायचे कुठे? तीच फाईल कंपायलरलाही गिळता यायला हवी होती, आणि कोणताही जुना कंपायलर अडखळणार नाही अशी जागा एकच, कॉमेंट. म्हणून ‘नॉटरीच्ड’, ‘आर्ग्जयूज्ड’ अशा खुणा कॉमेंटमध्ये आल्या. ‘फॉलथ्रू’ मूळ संचात नव्हती, ती पुढच्या लिंटांनी घातली.

यावर आक्षेप असा, की आजचा फॉलथ्रू सी++ मधून आला: आधी क्लँग या दुसऱ्या कंपायलरचे स्वतःचे अ‍ॅट्रिब्यूट, मग सी++17, शेवटी सी23. व्याकरणापुरते हे खरे आहे. पण जीसीसी जे साचे ओळखतो त्यांत ‘लिंट’ हे नाव धरून एक अख्खा साचा आहे. तो पीसी-लिंट या नंतरच्या व्यापारी अवताराच्या धाटणीचा आहे हे मान्य, तरी घराणे तेच. क्लँगने कॉमेंट मानायला नकार दिला, आणि त्याला कारणही होते. प्रीप्रोसेसिंग वेगळे केले की कॉमेंट गळून पडते, आणि मिटलेली वॉर्निंग पुन्हा उगवते.

लिनक्स कर्नलने अखेर ‘फॉलथ्रू’ नावाचा मॅक्रो केला. कंपायलरला अ‍ॅट्रिब्यूट कळत असेल तर तो अ‍ॅट्रिब्यूट होतो. नसेल तर एकदाच चालून थांबणारे रिकामे डू-व्हाइल, आणि त्याच ओळीच्या शेवटी कॉमेंट: फॉलथ्रू! मॅक्रो उलगडताना ती कॉमेंट कुठल्याच कंपायलरच्या हाती लागत नाही, तरी लिहिणाऱ्याला ती गाळवली नाही. जुने कंपायलर सांभाळणाऱ्यांनी हाच मॅक्रो उचलावा; नुसत्या कॉमेंटवर विसंबू नये.